थंडीत कोंबड्यांच्या शेडला पडदा कसा लावावा?

थंडी सुरू झाली की मालेगावच्या आमच्या दुकानात गोणपाट आणि ताडपत्री मागणारी गिऱ्हाईके वाढतात. यंत्रमागावर काम करून घरामागे शे-दोनशे कोंबड्या पाळणारे कारागीर बंधू इकडे बरेच आहेत. आमचा धंदा कापडाचा, कोंबड्यांशी आमचा संबंध पडद्यापुरता. पण पडद्यापायीच एका गिऱ्हाइकाचे नुकसान झालेले आम्ही पाहिले, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

हे गृहस्थ मागावर कामाला होते. उसनवारी करून त्यांनी दीडशे गावरान कोंबड्या घेतल्या होत्या. डिसेंबरात आमच्याकडून प्लॅस्टिकची ताडपत्री नेऊन त्यांनी पत्र्याची शेड चारही बाजूंनी, छतापासून जमिनीपर्यंत बंद केली. पंधरा दिवसांनी पुन्हा दुकानात आले. तीसेक कोंबड्या मेल्या होत्या, बाकीच्यांचे डोळे गळत होते, घसे घरघरत होते. थंडी बाधली असे समजून ते आणखी ताडपत्री न्यायला आले होते! दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. दार उघडताच डोळ्यांची आग झाली. पत्र्याच्या आतून पाण्याचे थेंब लटकत होते आणि खाली तुसाच्या गादीवर टपकत होते. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी तपासून सांगितले की या कोंबड्या थंडीने नव्हे, कोंडलेल्या हवेने मेल्या.

आमच्या जिल्ह्यातली थंडी हलकी नाही. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडला पारा १.८ अंशांपर्यंत उतरला होता. तरी अंगावर पूर्ण पिसे असलेली मोठी कोंबडी कोरडी राहिली तर अशी रात्र काढते. तिच्या अंगाची उष्णता ४१ अंशांच्या आसपास असते आणि पिसे म्हणजे तिची रजई. रजईचे काम कापडवाल्याने सांगायला नको. ऊब कापसात नसते, कापसात अडकलेल्या हवेत असते. वाऱ्याचा झोत पिसे उचकटून ती हवा पळवतो, आणि ओली रजई तर असून नसल्यासारखीच. म्हणजे कोंबडीला झोतही नको आणि दमटपणाही नको.

दमटपणा येतो कोठून? शंभर मोठ्या कोंबड्या दिवसाला वीस-पंचवीस लिटर पाणी पितात. त्यातले बहुतेक श्वासावाटे आणि विष्ठेवाटे शेडमध्येच परत येते. शेड बंद असली की ते पत्र्याला लागून गार होते आणि गादीवर पडते. ओल्या गादीतल्या विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो. हवेच्या दहा लाख भागांत तो पंचवीस भागांच्या वर गेला की श्वासनळीचे अस्तर खराब होऊ लागते आणि रोगाला वाट मिळते. रोज आत वावरणाऱ्या मालकाला वास कळेनासा होतो. म्हणून पहाटे बाहेरच्या माणसाला आत न्यावे आणि कोंबडीच्या उंचीवर उकिडवे बसून वास घ्यायला सांगावे.

आता इलाज. बहुतेक जण पडदा वर खिळवतात आणि हवा हवी तेव्हा खालून गुंडाळतात. खरी चूक येथेच आहे. खालून उघडला की वारा थेट कोंबड्यांच्या अंगावर येतो. पडदा खाली खिळवावा, वरच्या कडेला दोरी आणि कप्पी लावावी आणि वरून खाली सोडावा. रात्रीसुद्धा वर फूट-दीड फूट जाळी मोकळी ठेवावी. आतली गरम, दमट हवा वर चढते आणि तेथून निघून जाते. बाहेरची गार हवा वरूनच आत येते आणि मिसळत हळूहळू खाली उतरते. उत्तरेचा वारा जोरात असेल तर त्या बाजूची फट कमी करावी, दक्षिणेची वाढवावी. बसायची दांडी अशी बांधावी की फट कोंबडीच्या डोक्याच्या फूटभर तरी वर राहील. घरगुती खुराड्याला वळचणीखाली दोन्ही बाजूंना फट ठेवून बारीक जाळी ठोकली तरी पुरते. मुंगूस आणि साप विसरू नयेत.

खात्री करायची तर रात्री दांडीजवळ उदबत्ती धरावी. धूर सरळ वर गेला तर ठीक, आडवा पळाला तर कोठून तरी झोत येतो आहे. ती भोके बुजवावीत, पण वरची फट बुजवू नये. गादी मुठीत दाबून पाहावी. गोळा तसाच राहिला तर ओली आहे. ती काढून कोरडे तूस टाकावे आणि पाण्याची भांडी गळतात का ते बघावे.

पिल्लांची गोष्ट वेगळी. पहिल्या आठवड्यात त्यांना ३२ ते ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. त्यासाठी दिव्याभोवती पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे दीड फूट उंचीचे कडे करावे. झोत कड्याने अडतो, शेड कोंडावी लागत नाही. पिल्ले दिव्याखाली गठ्ठा करून बसली तर ऊब कमी आहे. सगळी एकाच बाजूला सरकली तर समोरून झोत येतो आहे. कोळशाची शेगडी पेटवणाऱ्यांनी धुराचा नळ छताबाहेर काढलाच पाहिजे. त्यातला विषारी वायू वासाने कळत नाही.

त्या गृहस्थांनी पडदे उलटे करून घेतले, गादी बदलली, डॉक्टरांचे औषध दिले. आठवड्याभरात मर थांबली. मात्र घरघर दिसली की राणीखेतचीही शंका घ्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे. सगळाच दोष पडद्यावर टाकू नये.

कापडाविषयी एवढेच की गोणपाटातून थोडी हवा खेळते, प्लॅस्टिकमधून नाही. वाऱ्याच्या बाजूला खालच्या अर्ध्या भागाला प्लॅस्टिक आणि बाकी गोणपाट हे आम्हाला बरे वाटते. जाळी सहा फूट उंच असेल तर पडदा पाच फुटांचा मागावा.