चेलाडीच्या फाट्यावरून उजवीकडे

कात्रजचा बोगदा ओलांडून आणि खेड शिवापूरचा टोलनाका मागे टाकून गाडी साताऱ्याच्या दिशेने निघाली की चेलाडीचा फाटा लागतो. सरळ गेले की महाबळेश्वर, कोल्हापूर, गोवा. उजवीकडे वळले की नसरापूर, मार्गासनी, विंझर आणि शेवटी तोरण्याच्या पायथ्याचे वेल्हे. थोडे पुढे कापूरहोळला असाच आणखी एक रस्ता उजवीकडे फुटतो, तो भोरचा. स्वारगेटहून दीड-दोन तासांत पोचता येईल असे हे दोन तालुके. तरीही वर्षानुवर्षे पुण्यातले सुटीवर निघालेले कुटुंब या दोन्ही फाट्यांवरून सरळ जात राहिले. उजवीकडे वळायचे ते डोंगर चढणारे, शाळांच्या सहली आणि श्रावणी सोमवारचे भाविक.

२०२० च्या करोना महासाथीनंतर हे बदलले. जगभरच त्या एका वर्षात परदेशी प्रवाशांची संख्या जवळजवळ तीन चतुर्थांशांनी घटली आणि माणसे आपापल्या गावाजवळचे डोंगर, नद्या धुंडाळू लागली. आपल्याकडे भोर-वेल्ह्यात तेच घडले. दूरचे बंद म्हणून जवळचे, एवढ्यावर मात्र हे संपत नाही, असे मला वाटते. इथल्या प्रत्येक गडाची आणि धबधब्याची वाट कुणाच्या तरी अंगणातून, खाचराच्या बांधावरून, गुरांच्या पाणवठ्यावरून जाते. आम्ही पुणेकर तिथून पिढ्यान्‌पिढ्या चालत गेलो आणि नजर शिखरावर ठेवली. गावांनी वाटा बंद केल्या तेव्हा प्रथमच त्या वाटा कुणाच्या आहेत हे दिसले. त्यानंतर फिरण्यातला आनंद मला वेगळा, अधिक भरीव लागू लागला. हा आढावा त्या आनंदाचा आहे.

माझी इथली पहिली आठवण शाळेच्या सहलीची, म्हणजे अर्थातच बनेश्वरची. नसरापूरजवळचे हे शिवमंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधले. तिथली मोठी घंटा पोर्तुगीज बनावटीची, १७३९ च्या वसईच्या विजयानंतर मराठ्यांकडे आलेली. बाईंनी तिच्यावरचा क्रूस दाखवला होता तेव्हा महादेवाच्या देवळात क्रूस कसा, हे कोडे आम्हां मुलींना कितीतरी दिवस पुरले. देवळामागे झाडी, तिच्यात शिवगंगेचा धबधबा, आणि झाडीखाली सतरंज्या पसरून खाल्लेली पुरी-भाजी. तिथून गाडी भाटघरला जायची. धरणाच्या दरवाजांतून पडणाऱ्या पाण्याचे तुषार अंगावर घेतले की सहल पुरी झाली.

भाटघरचे पाणी मला पुढे नीट समजले. वेळवंडी नदीवरचे हे धरण १९२८ च्या सुमारास पुरे झाले, क्षमता साडेतेवीस टीएमसी. पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटण, थेट सोलापूर जिल्ह्यापर्यंत जाते. तिकडे ऊस उभा राहिला आणि इकडे वेळवंड खोऱ्यातली गावे वर सरकली. कांबरे गावाजवळचे महादेवाचे जुने मंदिर वर्षातला बहुतेक काळ या पाण्याखाली असते. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी ओसरले की ते बाहेर येते, आणि आसपासची माणसे गाळ तुडवत दर्शनाला जातात. बुडालेल्या देवाची अशी वर्षातून एकदा भेट घेणारी माणसे ज्या खोऱ्यात राहतात, तिथे केवळ जलाशयाचे फोटो काढून परतणे मला जमत नाही.

कॉलेजच्या वर्षांत राजगड आला. मला गडांची ओढ लावली ती धाकट्या दिरांनी. लग्नाआधी ते माझ्या भावाचे मित्र होते. स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी, मार्गासनीला उतरणे, तिथून वडाप मिळाले तर ठीक, नाहीतर साखरवरून गुंजवण्यापर्यंत चालत. रात्री पद्मावतीच्या देवळात मुक्काम. पंचवीसएक वर्षे स्वराज्याची राजधानी असलेला गड म्हणून राजगडाचा दरारा वाटायचा, पण मनात घर केले ते पहाटेच्या संजीवनी माचीने. ती दुहेरी तटबंदी, ते चिलखती बुरूज, आणि पलीकडे धुक्यातून वर आलेला तोरणा. गो. नी. दांडेकरांनी या गडावर इतका जीव का लावला, हे समजायला तिथे एक पहाट पुरते. सकाळी गावातल्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन वर यायच्या. मडक्यातले दही, ताक, काकडी. "पाव्हणं, ताक घ्या, गार हाय," ही हाक राजगडाच्या चढणीचाच भाग होती. त्या कोणत्या वाडीतून येतात, किती वाजता निघतात, हे आम्ही कधी विचारले नव्हते. दिरांनी मात्र विचारले होते. त्यांना त्या बायांच्या घरची माणसे, गाई-म्हशी, सारे ठाऊक असे.

९ मार्च २०२० ला पुण्यात करोनाचे पहिले रुग्ण सापडले आणि दोन आठवड्यांत सारे थांबले. या दोन तालुक्यांवर ती वेळ दुहेरी आली. इथल्या घराघरातले कुणी ना कुणी मुंबईत किंवा पुण्यात कामाला. ते चाकरमानी मिळेल त्या वाहनाने, नाही मिळाले तर पायी गावाकडे निघाले. कितीतरी गावांनी वेशीवर काट्या टाकल्या, दगड रचले. आपलीच माणसे शाळेच्या खोलीत चौदा दिवस निजवायची, बाहेरून डबा द्यायचा. हे करताना त्या गावांना काय वाटले असेल, याचा विचार शहरात बसून करता येत नव्हता. त्यातच ३ जून २०२० ला निसर्ग वादळ कोकण किनाऱ्यावर आदळले आणि त्याचा वारा सह्याद्री चढून या घाटमाथ्यावर आला. पावसाळा तोंडावर आणि घरांवरचे पत्रे उडालेले.

त्या आणि पुढच्याही पावसाळ्यात पर्यटनस्थळांवर जिल्हा प्रशासनाची बंदी होती. गडावरची देवळे बंद, वाटेवर पोलीस. शहरात कोंडलेली माणसे तरीही चोरवाटांनी येत आणि गावकरी त्यांना परत पाठवत. तेव्हा गावकऱ्यांना उद्धट म्हणणारे आवाज मी ऐकले आहेत. मला ते आजही पटत नाही. ज्या वाडीपासून दवाखाना कोसांवर आहे, तिने आपली वाट राखली यात गैर काय?

मग दारे किलकिली झाली. २ सप्टेंबर २०२० पासून जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागेनासा झाला. दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, देवळे उघडली. त्या हिवाळ्यात आम्ही आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, घेऊन बनेश्वरला गेलो. त्या आठ महिने घराच्या उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांनी झाडीत खुर्ची मांडून घेतली, मुखपट्टी खाली केली आणि बराच वेळ नुसत्या श्वास घेत बसल्या. दर्शनाचेसुद्धा त्यांना भान राहिले नाही. इतके जवळ, इतके सोपे ठिकाण आपल्याला पुरते हे मला त्या दुपारी उमगले.

एप्रिल २०२१ ची लाट आमच्या घरात आली. धाकटे दीर गेले. ज्यांनी आम्हां सगळ्यांना राजगड दाखवला त्यांना निरोप द्यायलाही चारच माणसांना परवानगी होती. त्यानंतर कितीतरी महिने चेलाडीचा फाटा नुसता नजरेसमोर आला तरी नको वाटायचे. ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला देवळे पुन्हा उघडली, पण लगोलग एसटीचा संप सुरू झाला आणि तो उन्हाळ्यापर्यंत चालला. शहरातल्या गाडीवाल्यांना त्याची झळ लागली नाही. भोर आगाराच्या गाड्यांवर ज्यांची शाळा, बाजार आणि दवाखाना अवलंबून होता, त्या खोऱ्यांतल्या माणसांचा टाळेबंदीचा काळ मात्र तेवढा लांबला. निर्बंध पूर्ण उठले २०२२ च्या गुढीपाडव्याला. एसटी नियमित धावू लागली त्याच्याही नंतर.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता आम्ही रायरेश्वरला गेलो, माझी जाऊ आणि तिची मुलगी बरोबर होत्या. भोरहून आंबवडे गाठायचे. तिथे झुलता पूल, झाडीतले नागेश्वराचे देऊळ, आणि कान्होजी जेधे, जिवा महाला व शंकराजी नारायण सचिव यांच्या समाध्या. अफजलखानाचे संकट आले तेव्हा वतनावर पाणी सोडून महाराजांच्या पाठीशी राहिलेले कान्होजी इथल्याच कारीचे देशमुख. बाजीप्रभू शिंदचे, येसाजी कंक भुतोंड्याचे. पुस्तकात वाचलेली ही नावे इथे एसटीच्या पाट्यांवर भेटतात. पुढे कोर्ल्याच्या अंगाने रस्ता चढत जातो आणि शेवटच्या कड्याला लोखंडी शिड्या लागतात.

शिड्या संपल्या की समोर मैलोन्‌मैल पठार. सोनकीने पिवळे झालेले, मध्ये गव्हा-भाताची खाचरे आणि जंगमांची घरे. शिवरायांनी १६४५ मध्ये इथल्या शंभू महादेवासमोर स्वराज्याची शपथ घेतली अशी परंपरा आहे, आणि या देवाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या जंगम घराणी करत आली आहेत. ज्या घरी आम्ही उतरलो तिथल्या आजींनी पिठले-भाकरी, मिरचीचा ठेचा आणि तांदळाची खीर वाढली. जेवताना त्या म्हणाल्या, "दोन वर्सं कुनी फिरकलं न्हाई. चुकल्या-चुकल्यागत व्हायचं. पैशाचं सोडा, पर मानूस दिसाया नगं का?" जावेच्या ताटातला घास तसाच राहिला. त्या आजींना आमच्या घरचे काही ठाऊक नव्हते. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि खिरीची वाटी पुढे सरकवली. रात्री पडवीत अंथरूण टाकून आम्ही उशिरापर्यंत दिरांविषयी बोलत राहिलो, आणि पहिल्यांदाच हसत बोललो. सहलीने माणसाला काय मिळते, असे कुणी विचारले तर मी त्या पडवीकडे बोट दाखवीन.

आता या तालुक्यांत गर्दी वाढली आहे. भोरच्या अलीकडे नीरा जिथे मोठे वळण घेते त्याला लोक नेकलेस पॉइंट म्हणू लागले, आणि रविवारी तिथे गाड्या लावायला जागा नसते. केळदजवळचा मढे घाट पूर्वी मोजक्यांना माहीत होता. तानाजी मालुसऱ्यांचा देह याच घाटाने कोकणात उमरठ्याला नेला असे सांगतात. आज पावसाळी शनिवार-रविवारी तिथल्या लक्ष्मी धबधब्याच्या कड्यावर जत्रा असते. गावातल्या पोरांना वाहनतळाचे, भज्यांचे, कणसांचे चार पैसे मिळतात, ते मिळायलाच हवेत. पण लावणी झालेल्या खाचरात गाडी उतरवणारे, पाणवठ्यावर बाटल्या फोडणारे पाहुणे कुणाला हवे असतील? पाण्याशी खेळ तर जिवावर उठतो. मे २०२२ मध्ये भाटघरच्या जलाशयात एकाच दिवशी पाच जणी बुडाल्या. स्थानिक माणूस पाण्यात उतरू नका म्हणतो तेव्हा त्याने त्या काठावरून काय काय पाहिलेले असते, हे ध्यानात घ्यावे.

वरंधा घाटाचेही तसेच. नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने जाणारा हा भोर-महाड रस्ता मला साऱ्या घाटमाथ्यावर सर्वांत देखणा वाटतो. वाघजाईपाशी थांबावे, गरम भजी घ्यावी, खाली शिवथरच्या खोऱ्यात उतरणारे ढग पाहावेत. २२ जुलै २०२१ च्या पावसाने मात्र हा घाट ठिकठिकाणी फोडला. त्याच दिवशी पलीकडे महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. तेव्हापासून पावसाळ्यात वाहतूक बंद ठेवण्याची वेळ वारंवार येते. बंद असताना आडवाटेने घुसू नये, एवढेच सांगते.

वेल्ह्याचे नाव आता सरकारदरबारी राजगड तालुका झाले आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात राजगड आहे. आनंद वाटलाच. आता बाहेरचे पाहुणेही येतील, आणि गुंजवणे, पाली, वाजेघर इथल्या घरांवर त्यांच्या स्वागताचा भार पडेल. या गावांत जेवण-मुक्कामाची सोय करणारी घरे वाढत आहेत. कुणी टाळेबंदीत मुंबईहून परतला तो माघारी गेलाच नाही. घराला दोन खोल्या जोडल्या, संडास बांधला, पाहुणे घेऊ लागला. महासाथीने या डोंगरांना दिलेली एखादी चांगली गोष्ट शोधायची तर मला ती हीच दिसते.

दिवाळीनंतरचे दिवस इथे यायला सर्वांत उत्तम. भाताची कापणी चालू असते, वाटा कोरड्या होतात, ओढ्यांना पाणी असते, आणि १,४०३ मीटर उंचीच्या तोरण्यावरून झुंजार माचीच्या दिशेने पाहिले की दूरपर्यंत डोंगरांच्या रांगा स्वच्छ दिसतात. भाताचे दिवस असल्याने घरची माणसे मात्र शेतात असतात. म्हणून जेवायचे असेल तर आदल्या दिवशी फोन करावा, किती जण येणार ते नेमके सांगावे आणि सांगितल्या वेळेला पोचावे. निघताना नवा आंबेमोहर विकत मिळेल का, हेही विचारावे. बाजारभावात घासाघीस करू नये.