कुलपं वाढवून अणुवीज प्रकल्प सुरक्षित होत नाही

सीमेवर तणाव वाढला की तारापूर, काकरापार, कैगा या अणुवीज प्रकल्पांची नावं चर्चेत येतात, आणि त्यावरचा उपायही ठरलेला असतो: बंदोबस्त वाढवा. आणखी जवान, आणखी उंच भिंत, आणखी कुलपं, आणि प्रकल्पाबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. ‘पहारा जितका कडक, तितका प्रकल्प सुरक्षित’ असं चांगली शिकलीसवरलेली माणसंही छातीठोकपणे सांगतात. किती वेळा खोडून काढलं तरी हा समज पुन्हा डोकं वर काढतो. तो चुकीचा तर आहेच, पण धोकादायकही आहे.

अणुवीज प्रकल्पाला दोन गोष्टींपासून जपावं लागतं. पहिली अपघात. यंत्र बिघडतं, माणूस चुकतो, पूर येतो, भूकंप होतो. दुसरी घातपात. कुणीतरी ठरवून नुकसान करायला येतो. अपघाताच्या वेळी आपल्या माणसांना धावत आत जाता आलं पाहिजे आणि घातपाताच्या वेळी शिरणाऱ्याला बाहेरच रोखता आलं पाहिजे. दार मात्र दोघांसाठी एकच असतं. चोरांच्या भीतीने खिडक्यांना ठोकलेल्या लोखंडी ग्रिल आग लागल्यावर घरातल्याच माणसांना अडकवतात, हे मुंबई-पुण्यात अनेकदा दिसलं आहे. प्रकल्पातला पेच त्याच जातीचा, फक्त त्याची किंमत कितीतरी मोठी.

ही कल्पनेतली भीती नाही. 31 मार्च 1993 च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा प्रकल्पाच्या पहिल्या युनिटमध्ये टरबाइनची दोन पाती तुटली. यंत्र जोरात थरथरलं, जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन गळला आणि पेटला. आग केबलींच्या वाटेने पसरत गेली आणि युनिटची सगळी वीज गेली. ती सुमारे सतरा तास आली नाही. कंट्रोल रूममध्ये इतका धूर भरला की ऑपरेटरांना ती सोडावी लागली. अणुभट्टी त्यांनी लगेच बंद केली होती. ती बंदच राहावी म्हणून काही जण हातात टॉर्च घेऊन काळोखात वर चढले आणि बोरॉनचं द्रावण सोडणारे व्हॉल्व्ह त्यांनी हाताने उघडले. पण बंद भट्टीतलं इंधनही तापतच राहतं, म्हणून आग विझवण्यासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांनी स्टीम जनरेटरमध्ये पाणी चढवलं गेलं. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही.

आता अशा रात्री वाटेतलं एखादं दार विजेवर चालणाऱ्या कुलपाचं आहे असं समजा. वीज गेल्यावर ते आपोआप उघडं पडावं की बंदच राहावं? उघडं पडलं तर घातपात करणाऱ्याला आधी वीज तोडायची आणि मग आत शिरायचं, इतकंच काम उरतं. बंद राहिलं तर व्हॉल्व्हकडे निघालेला ऑपरेटर दारात अडकतो. ‘बंदोबस्त वाढवा’ या दोन शब्दांत याचं उत्तर नाही. ते प्रत्येक दारासाठी वेगळं शोधावं लागतं. आतून बाहेर पडायला कधीही अडथळा नको, काही दारांची साधी किल्ली शिफ्टच्या प्रमुखाकडे हवी, आणि ती किल्ली कुणी, केव्हा, कशासाठी वापरली याची नोंद हवी.

11 मार्च 2011 ला जपानमधल्या फुकुशिमा दाइइची प्रकल्पात असंच घडलं. त्सुनामीच्या पाण्याने तळघरातले डिझेल जनरेटर बुडाले, वीज गेली, आवारातले रस्ते ढिगाऱ्यांनी अडले. संध्याकाळी सातच्या सुमारास दुसऱ्या आणि तिसऱ्या युनिटच्या मधल्या गेटचं कुलूप तोडून गाड्यांसाठी वाट करावी लागली. प्रकल्प चालवणाऱ्या टेप्को कंपनीने स्वतः दिलेल्या घटनाक्रमात हे नोंदलेलं आहे. जिथे मिनिटामिनिटाला किंमत होती, तिथे आपल्याच गेटवर हात चालवावा लागला.

फुकुशिमाचा दुसरा धडा ‘सगळं गुप्त ठेवा’ म्हणणाऱ्यांसाठी आहे. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने 2002 मध्ये आपल्या प्रकल्पांना एक आदेश दिला. त्यातलं एक कलम ‘बी.5.बी’ या नावाने ओळखलं जातं. विमान आदळून प्रकल्पाचा मोठा भाग नष्ट झाला, तरी भट्टी आणि वापरलेल्या इंधनाचा तलाव थंड ठेवण्याची सोय करा, असं ते सांगतं. तयारी घातपातासाठी होती, पण ती त्सुनामीतही तितकीच कामाला आली असती. जपानच्या नियामक यंत्रणेला या उपायांची माहिती होती, पण ती वीज कंपन्यांपर्यंत पोहोचलीच नाही. हा माझा तर्क नाही. जपानी संसदेने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी आयोगाचा 2012 चा अहवाल सांगतो की, ती माहिती टेप्कोला मिळून अमलात आली असती, तर हा अपघात कदाचित टळला असता. हे वाचूनही कुणी गुप्ततेला सुरक्षितता म्हणणार असेल, तर त्याने हा अहवाल पुन्हा वाचावा.

आणि भिंत कितीही उंच केली तरी आत आधीपासून असलेल्या माणसाचं काय? गोव्याच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या कैगा प्रकल्पात नोव्हेंबर 2009 मध्ये कर्मचाऱ्यांच्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये किरणोत्सर्गी ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळलेलं आढळलं. हे आतल्याच कुणाचं तरी काम असल्याचं अणुऊर्जा खात्यानेही सांगितलं. कोणताही पहारेकरी ते रोखू शकला नाही. ते उघड झालं कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीतून, म्हणजे अपघातापासून जपण्यासाठी घालून दिलेल्या एका रटाळ वाटणाऱ्या शिस्तीतून.

बेल्जियमच्या डूल प्रकल्पात ऑगस्ट 2014 मध्ये याच्या उलट घडलं. आग लागल्यास टरबाइनचं तेल पटकन खाली सोडता यावं म्हणून एक व्हॉल्व्ह होता. तोच कुणीतरी उघडला, सुमारे 65 हजार लिटर तेल वाहून गेलं, टरबाइन निकामी झालं आणि चौथं युनिट डिसेंबरपर्यंत बंद राहिलं. अपघातासाठी ठेवलेली सोय घातपाताचं हत्यार झाली.

म्हणून दोन्ही बाजूंची माणसं एका टेबलाभोवती बसली पाहिजेत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाने 2010 मध्ये याच विषयावर स्वतंत्र अहवाल काढला. अमेरिकेत तर 2009 पासून नियमच आहे: बंदोबस्तात बदल करण्याआधी त्याने अपघाताच्या वेळची कामं अडणार नाहीत ना, हे तपासायचं, आणि यंत्रणेत बदल करण्याआधी त्याने बंदोबस्तात भगदाड पडणार नाही ना, हे पाहायचं. दोन्ही बाजूंना एकाच वेळी बळ देणारे उपायही आहेत. आपत्कालीन जनरेटर आणि पंप एकमेकांपासून दूर, वेगवेगळ्या जागी ठेवले, तर एक पूर, एक आग किंवा एक स्फोट ते सगळे एकदम घेऊन जात नाही.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

गैरसमज: हल्ला झाला तर भट्टी अणुबॉम्बसारखी फुटेल.
वस्तुस्थिती: नाही. आपल्या बहुतेक भट्ट्यांत नैसर्गिक युरेनियम असतं, त्यात विखंडनक्षम युरेनियम-235 जेमतेम 0.7 टक्के. खरा धोका इंधन वितळून किरणोत्सर्गी द्रव्यं बाहेर पडण्याचा आहे.

गैरसमज: धोका दिसताच भट्टी बंद केली की काळजी मिटली.
वस्तुस्थिती: बंद केल्याक्षणीही मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघत असते. ती झपाट्याने कमी होते, पण संपत नाही, त्यामुळे पाणी आणि वीज लागतच राहते. युक्रेनच्या झापोरिझिया प्रकल्पात भट्ट्या बंद असूनही बाहेरची वीज तुटली की जग धास्तावतं, ते यामुळेच.

गैरसमज: नियंत्रणाचे संगणक इंटरनेटला जोडलेले नाहीत, म्हणजे सायबर हल्ला अशक्य.
वस्तुस्थिती: इराणच्या नतांझ अणुकेंद्रात स्टक्सनेट हा संगणक-विषाणू इंटरनेटशिवायच घुसला. 2019 मध्ये कुडनकुलम अणुवीज प्रकल्पात घातक सॉफ्टवेअर सापडलं. ते प्रशासकीय कामाच्या जाळ्यातल्या संगणकात होतं आणि नियंत्रण यंत्रणा अलग असल्याने वाचली. पण पेन ड्राइव्ह आणि लॅपटॉप घेऊन आत-बाहेर करणारी माणसं अलग नसतात.

तारापूरच्या आसपास राहणाऱ्या पालघरकरांनी, आणि आपल्या सगळ्यांनीच, ‘किती जवान आहेत?’ हे विचारणं सोडून दुसरे प्रश्न विचारायला हवेत. पहाऱ्यावरचे सीआयएसएफचे जवान आणि शिफ्टचे ऑपरेटर एकत्र सराव करतात का? वीज गेलेली असताना, रात्री, तो सराव होतो का? नवं गेट बसवण्याआधी अग्निशमन गाडी त्यातून जाते का, हे कोण तपासतं? गावकऱ्यांना आपत्कालीन सरावात नेमकं काय करायचं, हे त्यांच्या भाषेत सांगितलं जातं का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देताना कोणत्याही कुलपाचं गुपित फोडावं लागत नाही. त्यामुळे ‘सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नाही’ हे उत्तर इथे चालवून घेऊ नये.