घट बसलेले घर आणि आपत्काळाची सिद्धता

घटस्थापना तोंडावर आली की आपल्याकडील गृहिणीची लगबग पाहण्याजोगी असते. शेतातील काळी माती चाळून घ्यावयाची, सुगड पारखून आणावयाचे, पेरावयाचे धान्य निवडावयाचे, नंदादीपास नऊ दिवस पुरेल इतके तेल मोजून बाजूस काढावयाचे, आणि वात विझू नये म्हणून रात्री कोणी उठावयाचे तेही ठरवावयाचे. नुसत्या संकल्पाने पूजा होत नाही, आधी सामग्री सिद्ध असावी लागते, हे त्या माउलीला कोणी शिकवावे लागत नाही. घरावर ओढवणाऱ्या संकटाविषयी मात्र हीच दक्षता आपल्या हातून होत नाही. तेथे ‘आई बघून घेईल’ एवढ्यावर आपले भागते!

आपल्या भागात असे म्हणून चालावयाचे नाही. कळंब ज्या मांजरेच्या काठी वसले आहे, तिच्यावरील धरण आटले म्हणून एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पुढे २०२५ साली २२ सप्टेंबरला घट बसले, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टीने हाहाकार उडविला. भूम-परंड्याकडील वेढलेल्या वस्त्यांतून माणसांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. गोठ्यांतील जनावरे दगावली. पिकांसह माती खरवडून गेली. किल्लारी-सास्तूरचा भूकंप तर अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली असता झाला. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट; ३ वाजून ५६ मिनिटे. जवळजवळ आठ हजार माणसे गेली. त्यांतील पुष्कळांचा काळ ठरले ते डोक्यावरचे माळवद. गळू नये म्हणून वर्षानुवर्षे त्यावर मातीचे थर चढविलेले, आणि खाली मातीत रचलेल्या गोट्यांच्या रुंद भिंती. संकट पंचांग पाहून येत नाही, हे आपल्याइतके कोणास ठाऊक?

महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्म नावाचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. तेथे भीष्माचार्य युधिष्ठिरास तीन मत्स्यांची कथा सांगतात. कोळी तळ्याचे पाणी काढून देऊ लागले, तेव्हा दूरदर्शी मत्स्य वाट मोकळी असतानाच निघून गेला. दुसरा ऐनवेळी सुचलेल्या युक्तीने वाचला. ‘बघू पुढे’ म्हणणारा दीर्घसूत्री मात्र जाळ्यात सापडला. आम्ही कीर्तनकार दामाजीपंतांचे आख्यान लावतो, तेव्हा श्रोत्यांचे डोळे भरून येतात ते देव विठू होऊन बेदरला जातो त्या प्रसंगी. परंतु त्याआधी मंगळवेढ्याची कोठारे धान्याने भरलेली होती, म्हणून तर दामाजींना ती लुटविता आली. रिकाम्या कोठाराचे दार उघडून कोणाची भूक भागली असती?

पूर्वी ज्वारीची पेवे असत, भिंतीत बळदे असत. आता महिन्याचा किराणा महिन्याला येतो, त्यामुळे घरात काय आहे याचा हिशेब निराळा ठेवावयास हवा. सर्वांत आधी पाणी. माणशी दिवसाला चार लिटर धरले, तर पाच माणसांच्या घरास तीन दिवसांसाठी साठ लिटर झाकलेले पाणी लागते. पुराचे गढूळ पाणी तुरटीने निवळते, पण निर्दोष होत नाही. ते उकळावेच लागते. लेकराला जुलाब झाले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा, लहान) विरघळवून घोट-घोट पाजावे. वृद्धांची नित्याची औषधे आठवडाभराची शिल्लक असावीत. चूल न पेटविता खाता येईल असे लाह्या, फुटाणे, गूळ, शेंगदाणे डब्यात असावेत. उपवासकऱ्याच्या राजगिऱ्याच्या लाडवांचाही विसर नको. सातबारा, शिधापत्रिका, आधारपत्र, बँकेचे पुस्तक प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत एकत्र बांधावे. पंचनाम्याच्या वेळी यांचे मोल कळते.

पुरात विंचूकाट्याचे भय वाढते. सर्पदंश झाल्यास कोणाच्या मंत्राची वाट पाहू नये, असे मी मंत्रशास्त्राचा आदर बाळगूनच सांगतो. दंशावर काप देऊ नये, आवळून दोरी बांधू नये, माणसास चालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून त्यास थेट सरकारी इस्पितळात न्यावे. त्यावरील लस तेथे मिळते.

आता नाजूक प्रश्न. घट बसले की घर सुने टाकू नये, नंदादीप एकटा सोडू नये, असा आपला कुळाचार. मग पाणी उंबऱ्याशी आले तर? तर दिवा मालवावा, विजेचे मुख्य बटण बंद करावे, गॅसची टाकी बंद करावी, जनावरांची दावी सोडावी आणि उंचावर जावे. देवीचा टाक हाताशी असेल तर ओटीत घ्यावा. नसेल तर त्यासाठी मागे फिरू नये. जेथे आसरा मिळेल तेथे मानसपूजा करावी आणि घरी परतल्यावर दीप पुन्हा प्रज्वलित करावा. अशा विझण्यास मी तरी व्रतभंग म्हणणार नाही. कुळाचार कुळासाठी असतो, आणि आपद्धर्म हाही धर्मच आहे. ही गोष्ट सासूबाईंनी सुनेला घट बसण्यापूर्वीच स्वतःच्या तोंडाने सांगावी. ऐन पाण्यात त्या बिचारीने आज्ञेची वाट पाहत थांबू नये.

यंदा खंडेनवमीस कोयता-कुऱ्हाडीबरोबर पाटावर पहार, फावडे, सोलाचा जाड दोर, बॅटरी आणि शिट्टीही मांडावी. ढिगाऱ्याखाली ओरडून घसा सुकतो, शिट्टी दूरवर ऐकू जाते. हळदकुंकू वाहण्यापूर्वी बॅटरी पेटवून पाहावी, दोर ताणून पाहावा, औषधांवरील तारखा वाचाव्यात. पूजा झाली की हे सारे दाराशेजारच्या एकाच कोनाड्यात ठेवावे आणि घरातील लहानात लहान मुलाला तो कोनाडा अंधारात हाताने चाचपून शोधावयास लावावा.