दगड झालेला ताड

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या नगर जिल्ह्यांत काळ्या खडकाच्या पोकळ्यांतून गारगोट्या निघतात, हें आमच्या वाचकांस विदित आहेच. गारेचें तेंच द्रव्य, सिलिका, याच दख्खनी खडकाच्या पूर्वभागीं वृक्षांच्या अंगीं भिनलें आहे. वर्धा जिल्ह्यांत नवरगांव येथें ताड-माडांच्या कुळांतील अशीं पाषाणरूप खोडें आढळलीं आहेत.

सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरांवर थर पसरत होते. मधल्या विश्रांतीच्या काळांत तळीं सांचलीं, वृक्ष वाढले. गाळांत गाडलेलें खोड हवेअभावीं लवकर कुजलें नाहीं. पाण्यांत विरघळलेली सिलिका पेशीपेशींत शिरून घट्ट झाली. ताडाच्या खोडांत वार्षिक वलयें नसतात, विखुरलेले तंतुपुंज असतात; ते दगडांतहि ठिपक्यांसारखे दिसतात.

छिंदवाडा जिल्ह्यांतील मोहगांव कलान येथील अवशेषांविषयीं बिरबल सहानी व रोडे यांनीं १९३७ सालीं लिहिलें. तेथें निपा ताडाचें फळहि मिळालें. निपा खाडीकांठीं वाढतो. त्यावरून तेव्हां समुद्राचा फांटा जवळ असावा, असें अनुमान निघालें. फळाचा थर ठाऊक होता, म्हणूनच हें कळलें. दिवाणखान्याच्या शोभेसाठीं उचललेला दगड मुका होतो. असा दगड दिसल्यास तो जागींच ठेवून जाणत्यांस कळवावें, अशी आमची विनंति आहे.