बियांमधील ब्रासिनोस्टेरॉइडे

ब्रासिनोस्टेरॉइडे ही वनस्पतींमधील स्टेरॉइड वर्गातील संप्रेरके आहेत. पेशींची लांबी व विभाजन, वाहक ऊतींची घडण आणि परागकणांची वाढ यांचे नियमन ती करतात. परागकण व अपक्व बिया यांत त्यांचे प्रमाण इतर अवयवांपेक्षा अधिक असते; त्यामुळे या गटातील अनेक संयुगांची ओळख प्रथम बियांमध्ये पटली.

शोध

१९७० मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागातील जे. डब्ल्यू. मिचेल व सहकाऱ्यांना मोहरीच्या कुळातील रेप या वनस्पतीच्या परागकणांच्या अर्काने घेवड्याची रोपे झपाट्याने वाढतात, असे आढळले. हा परिणाम घडवणारे द्रव्य वेगळे करण्यासाठी मधमाश्यांनी गोळा केलेले सुमारे २२७ किलोग्रॅम परागकण वापरावे लागले. त्यातून काही मिलिग्रॅमच स्फटिक मिळाले. १९७९ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना निश्चित झाली व त्यास ब्रासिनोलाइड हे नाव मिळाले.

बियांमधील संयुगे

१९८२ मध्ये ताकाओ योकोता व सहकाऱ्यांनी जपानमध्ये वालाच्या (डोलिकॉस लॅबलॅब) अपक्व बियांतून डोलिकोलाइड हे नवे संयुग वेगळे केले. वनस्पतीच्या शास्त्रीय नावावरूनच त्याचे नाव पडले. त्याची रचना ब्रासिनोलाइडसारखीच असून पार्श्वशृंखलेतील २४व्या कार्बनवर मिथिल गटाऐवजी मिथिलीन गट असतो. पुढे घेवड्याच्या अपक्व बियांतही या गटातील अनेक संयुगे सापडली.

ओळखण्याची पद्धत

बिया मिथेनॉलमध्ये वाटून मिळालेला अर्क वर्णलेखनाने (क्रोमॅटोग्राफी) अनेक भागांत विभागला जातो. प्रत्येक भाग भाताच्या पात्याच्या तुकड्यावर तपासतात. संप्रेरक असल्यास पाते व पर्णावरण यांच्या सांध्यातील कोन वाढतो. असा सक्रिय भाग आणखी शुद्ध करून वायुवर्णलेखन व द्रव्यमान वर्णपटमापन यांद्वारे रेणूची रचना ठरवतात. संयुग अत्यल्प असल्याने केवळ रासायनिक परीक्षणाने ते शोधणे कठीण असते. जैविक कसोटी त्याचा माग दाखवते.

संप्रेरक म्हणून मान्यता

एखादे द्रव्य बाहेरून दिल्यावर वाढ होते, एवढ्यावरून वनस्पतीला स्वतःच्या वाढीसाठी त्याची गरज असते, हे सिद्ध होत नाही. हा पुरावा १९९६ मध्ये अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीच्या खुज्या उत्परिवर्तितांतून मिळाला. त्यांत ब्रासिनोस्टेरॉइडे तयार करणारी जनुके सदोष होती. ब्रासिनोलाइड पुरवताच त्यांची वाढ सुधारली. त्यानंतर या संयुगांना वनस्पती-संप्रेरके म्हणून सर्वमान्यता मिळाली.