जुने खेळ, नवा पडदा

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. कारखान्याच्या निमित्ताने देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे येथे येऊन वसली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. भिलाईतील कुरुद येथील अशाच एखाद्या घराची कल्पना करावी. पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेला संगणक केव्हाच मोडीत गेला आहे. परंतु त्यावर खेळल्या जाणाऱ्या 'एज ऑफ एम्पायर्स'ची सीडी कपाटात जपून ठेवलेली आहे. घरी नवा लॅपटॉप येतो. मुलगी बाहेरून सीडी ड्राइव्ह जोडते आणि वडिलांचा आवडता खेळ लावून पाहते. पडद्यावर येतात ते बुटके, फुगलेले घोडेस्वार! पाहणाऱ्यांपैकी कोणी म्हणतो, लॅपटॉप सदोष निघाला. कोणी म्हणतो, सीडी खराब झाली. दुरुस्तीच्या दुकानात पैसे मोजण्याची तयारीही होते. वास्तविक दोष दोहोंपैकी कशातच नसतो. खेळ एका काळातील पडद्यासाठी रचलेला असतो आणि पडदा दुसऱ्या काळातील असतो, एवढेच.

संगणकाच्या पडद्यावरील चित्र हे असंख्य चित्रबिंदूंचे बनलेले असते. रांगोळी काढताना जसे आधी ठिपके मांडतात, तशीच ही मांडणी होय. आडव्या ओळीत किती ठिपके आणि उभ्या ओळीत किती, हे सांगणाऱ्या संख्येला रिझोल्यूशन म्हणतात. १९९०च्या दशकातील अनेक खेळ ६४० × ४८० या मांडणीसाठी तयार झाले. म्हणजे एकूण ३,०७,२०० ठिपके. आज सर्रास आढळणाऱ्या १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात, म्हणजे पावणेसात पट. शिवाय जुन्या पडद्याची रुंदी व उंची ४:३ या प्रमाणात असे, नव्याची १६:९ असते. जुने चित्र संपूर्ण नव्या पडद्यावर ताणले, तर त्याची रुंदी उंचीच्या मानाने एक तृतीयांशाने अधिक वाढते. घोडेस्वार बुटका दिसतो तो यामुळे.

यावरील उपाय खेळात नसून लॅपटॉपच्या चित्रव्यवस्थेत असतो. ग्राफिक्सच्या नियंत्रण पटलावर 'मेंटेन आस्पेक्ट रेशो', म्हणजे मूळ प्रमाण कायम ठेवा, असा पर्याय बहुधा असतो. तो निवडला की चित्र १४४० × १०८० एवढ्या जागेत बसते आणि डावीउजवीकडे प्रत्येकी २४० ठिपक्यांची काळी पट्टी उरते.

रंगांची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. त्या काळी संगणकाची स्मृती तुटपुंजी होती. एका ठिपक्याच्या रंगासाठी एकच बाइट खर्च करावा लागे, आणि एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळे अंकच मावतात. म्हणून खेळ २५६ रंगांची एक यादी आधी तयार करी आणि ठिपक्याजवळ रंग न ठेवता यादीतील क्रमांक ठेवी. संपूर्ण पडदा अशा रीतीने ३०० किलोबाइटमध्ये मावे. काटकसरीची ही युक्ती उत्तमच. परंतु तिच्यात एक धोका होता. मधेच दुसऱ्या कोणी यादी बदलली, तर क्रमांक तेच राहून रंग मात्र भलतेच होतात. विंडोज व्हिस्टा व विंडोज ७ यांवर 'एज ऑफ एम्पायर्स'चे नेमके हेच झाले. विंडोजचा 'एक्स्प्लोरर' हा भाग यादीतील काही रंग बदलून टाकी आणि मग गवत लाल दिसू लागे. खेळापुरता एक्स्प्लोरर बंद ठेवावा, खेळ संपल्यावर पुन्हा सुरू करावा, हा उपाय त्या वेळी अनेकांनी वापरला.

नव्या विंडोजमध्ये यासाठी निराळी सोय आहे. खेळाच्या चिन्हावर माऊसची उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' आणि त्यात 'कंपॅटिबिलिटी' हे पान उघडावे. तेथे जुन्या विंडोजसारखे वागण्याचा, कमी रंग वापरण्याचा आणि ६४० × ४८० मांडणीचा, असे पर्याय मिळतात. एका वेळी एकच पर्याय बदलून पाहावा. सगळे एकदम बदलले तर गुण कशाने आला हे कळत नाही. चित्र पडद्याबाहेर जात असेल किंवा माऊसचा बाण एकीकडे आणि दाब दुसरीकडे पडत असेल, तर कारण निराळे असते. लहान पडद्यावर अक्षरे वाचता यावीत म्हणून विंडोज सर्व काही १२५ किंवा १५० टक्के मोठे करते आणि जुन्या खेळाला त्याची कल्पना नसते. त्याच पानावरील 'हाय डीपीआय'च्या पर्यायातून त्या खेळापुरती ही वाढ थांबवता येते.

डॉसवरील खेळांची अडचण याहून मूलभूत आहे. १९८९ साली जॉर्डन मेकनर यांनी निर्माण केलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ पुढील वर्षी डॉसवर आला. राजकन्येच्या सुटकेसाठी साठ मिनिटांची मुदत असलेला हा खेळ भारतातही अनेकांनी खेळला. डॉसवर त्याचे चित्र ३२० × २०० ठिपक्यांचे होते. ४:३ च्या पडद्यावर हा प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा थोडा अधिक उंच दिसे. चित्रकारानेही तो तसाच गृहीत धरला होता. आजच्या ६४-बिट विंडोजवर डॉसचे खेळ थेट चालतच नाहीत. त्यासाठी २००२ पासून उपलब्ध असलेली 'डॉसबॉक्स' ही विनामूल्य आज्ञावली वापरतात. ती संगणकाच्या आत जणू दुसरा, जुना संगणक उभा करते. तिच्या मांडणीच्या फाइलमध्ये 'आस्पेक्ट' या शब्दापुढे 'फॉल्स' असेल, तर राजपुत्र ठेंगणा दिसतो. तेथे 'ट्रू' लिहिले की तो आपल्या मूळ उंचीचा होतो. मात्र फाइलला हात लावण्यापूर्वी तिची एक प्रत वेगळी ठेवावी. ऑल्ट आणि एंटर या कळा एकत्र दाबल्या की खेळ पूर्ण पडद्यावर येतो, पुन्हा दाबल्या की चौकटीत परततो.

विंडोजच्या मुख्य मांडणीतच रिझोल्यूशन बदलताना पडदा काळा पडला, किंवा मॉनिटरवर 'आउट ऑफ रेंज' अशी अक्षरे आली, तरी घाबरून तारा उपटू नयेत. मॉनिटरला न पेलणारी मांडणी निवडली गेली, एवढाच त्याचा अर्थ. नवी मांडणी मान्य असल्याचे पंधरा सेकंदांत कळवले नाही, तर विंडोज आपण होऊन पूर्वीची मांडणी परत आणते. तोवर हात आवरून बसावे.

आणि घोडेस्वार पुन्हा ताठ बसल्यावर दोन्ही बाजूंना ज्या काळ्या पट्ट्या राहतात, त्या घालवण्याच्या खटपटीत पडू नये. वडिलांच्या जुन्या पडद्याची रुंदी तेवढीच होती.