किनाऱ्याचे अबोल राखणदार
- प्रतिनिधी

गोव्याचा समुद्रकिनारा म्हटला, की कळंगुट-बागाची गर्दी डोळ्यांसमोर येते. मात्र शापोरा नदी ओलांडून पेडणे तालुक्यात शिरले, की मोरजी, आश्वे, मांद्रे या किनाऱ्यांवर निराळे दृश्य दिसते. भरतीरेषेच्या मागे वाळूच्या बुटक्या टेकड्या, त्यांवर पसरलेली हिरवी वेल आणि तिची जांभळट फुले. बहुतेक पर्यटक या टेकड्या तुडवून थेट पाण्याकडे जातात. किनाऱ्याची सुरक्षितता मात्र त्यांच्यावरच अवलंबून आहे.

पावसाळा ओसरला, की शांत लाटा समुद्रतळावरील वाळू किनाऱ्यावर आणतात. ती उन्हात सुकते आणि वारा तिचे कण जमिनीकडे उडवतो. वाटेत झुडूप आले, की वारा मंदावतो व वाळू तेथेच साचते. या कामी सर्वांत पुढे असते ती मर्यादवेल. आपट्यासारखी दुभंगलेली पाने असलेली ही वेल पेरापेराला मुळे धरते आणि वाळूखाली गाडली गेली तरी पुन्हा वर येते. तिच्या मागे केवडा, काजू अशी मोठी झाडे उभी राहतात.

पावसाळ्यात खवळलेल्या लाटा टेकडीच्या दर्शनी भागातील वाळू ओढून नेतात. ही वाळू किनाऱ्यालगत पाण्याखाली दांडा बनून साचते. पुढच्या लाटा त्यावरच फुटतात आणि त्यांचा जोर ओसरतो. पावसाळ्यानंतर वाळू परतते. टेकडी म्हणजे किनाऱ्याने संकटकाळासाठी राखलेली ठेवच. सिमेंटच्या भिंतीला ही लवचिकता नसते. तिच्यावर आदळून परतणाऱ्या लाटा पायथ्याचीच वाळू खरवडून नेतात. शिवाय वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यावर तरंगत राहते. किनाऱ्यालगतच्या विहिरींना गोडे पाणी मिळते ते यामुळेच.

मोरजी व मांद्रे येथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यासाठी येतात. रात्री घरट्यातून बाहेर पडलेली पिल्ले उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे धावतात. पाठीमागची काळोखी टेकडी त्यांना दिशा ओळखण्यास साह्य करते. टेकडी सपाट करून तेथे झगमगते दिवे लावले, तर पिल्ले उलट दिशेला भरकटतात.

किनारपट्टी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ मध्ये निघाली. २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी वाळूच्या टेकड्यांना सर्वाधिक संवेदनशील गटात स्थान दिले. तरीही गोव्यात अनेक ठिकाणी बांधकामे, रस्ते आणि वाहनतळांसाठी त्या सपाट झाल्या आहेत. वेल उपटली गेली, की मोकळी झालेली वाळू वाऱ्याबरोबर घरांत आणि शेतांत शिरते. नवी टेकडी उभी राहण्यास मात्र वर्षानुवर्षे लागतात.

म्हणूनच मांद्र्याला जाल, तेव्हा मळलेल्या पायवाटेनेच चाला आणि वाहन रस्त्यावरच ठेवा. सायंकाळी टेकडीच्या आडोशाला घटकाभर बसलात, तर वाऱ्याने वाळूवर उमटवलेल्या रेघा आणि खेकड्यांची लगबग निवांतपणे पाहता येईल.